लेखिकेचा मृत्यू : १९६३

तेलीबाग, लखनौ
४ एप्रिल २०२५

ग्रंथपाल, विद्यानंद ग्रंथसंग्रह, मिरज यांस नमस्कार.

विषय : 'घाटावरून दिसणारे पक्षी' या पुस्तकाच्या नोंदीतील चूक.

आपण आपली जुनी पुस्तके स्कॅन करून इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवली आहेत. त्यात वरील पुस्तक आहे. लेखिका चंद्रप्रभा सावर्डेकर, मिरज, १९६२, पृष्ठे ७२. नोंदीत लेखिकेचा मृत्यू १९६३ साली झाला असे लिहिले आहे. ते चूक आहे. लेखिका माझी पत्नी. ती या वर्षी ११ फेब्रुवारीस लखनौ येथे वारली. दाखला जोडला आहे. त्यावर सरोज उल्हास देशिंगकर असे नाव आहे, ते लग्नानंतरचे.

तिने लग्नाआधी एक पुस्तक लिहिले होते हे मला माहीत होते. घरात प्रत नव्हती. कधी विचारले तर "संपल्या सगळ्या" म्हणायची. गेल्या महिन्यात नात ऋता हिला शोधायला सांगितले. तिने नाव घातले आणि म्हणाली, "आबा, ये कोई और होंगी। ये तो सिक्सटी-थ्री में ही गुज़र गईं।" मी म्हटले, हीच.

मी मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत चौतीस वर्षे डब्यांच्या स्प्रिंगांच्या चाचण्या केल्या. एक आकडा चुकला तर पूर्ण अहवाल परत येत असे. तरी ही तारीख दुरुस्त करावी आणि ती कोणी, कशावरून घातली तेही कळवावे.

आपला,
उल्हास देशिंगकर


विद्यानंद ग्रंथसंग्रह, मिरज
११ एप्रिल २०२५

आदरणीय देशिंगकर काका,

तुमचं पत्र मिळालं. काकूंच्या जाण्याचं वाचून वाईट वाटलं. मी इथं स्कॅनिंगचं काम बघते, म्हणून उत्तर माझ्याकडे आलं.

आमची पद्धत सांगते. कायद्याप्रमाणे लेखक गेल्यावर पुढची साठ वर्षं पुस्तकावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. साठ वर्षं पूर्ण झाली की पुढच्या एक जानेवारीपासून ते सर्वांचं. म्हणून प्रत्येक लेखकाचं मृत्युवर्ष शोधावं लागतं. आमच्याकडे नऊ हजार पुस्तकं आहेत आणि निम्म्या लेखकांना कोणीच ओळखत नाही. मग आम्ही प्रस्तावना वाचतो, जुन्या वर्तमानपत्रांतली दुखवट्याची निवेदनं वाचतो आणि भेट दिलेल्या पुस्तकांवरची लेबलं बघतो. खरं सांगायचं तर आम्ही दिवसभर 'कै.' शोधत असतो. नावामागे कै. दिसलं की हायसं वाटतं.

काकूंच्या पुस्तकात पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लेबल होतं, 'कै. चंद्रप्रभा सावर्डेकर हिच्या स्मरणार्थ' असं, आणि १९६३ ची तारीख. त्यावरून पुस्तक १ जानेवारी २०२४ ला खुलं झालं.

लेखिका २०२५ मध्ये वारल्या असतील, तर पुस्तकावर २०८५ अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे. तुमची हरकत आली म्हणून नियमाप्रमाणे आम्ही ते परवा बंद केलं. चंद्रप्रभा सावर्डेकर आणि सरोज देशिंगकर एकच, याचा पुरावा पाठवा. तो मान्य झाला की तारीख बदलू. मग पुस्तक खुलं ठेवायचं की नाही, हे वारस म्हणून तुम्ही ठरवायचं.

प्रणिता इनामदार


तेलीबाग, लखनौ
१६ एप्रिल २०२५

प्रणिता इनामदार यांस,

सौ. की कु. ते माहीत नाही म्हणून नुसते नाव लिहितो. राग नसावा.

पुस्तक बंद करा असे मी कुठे लिहिले होते? मी तारीख बदला म्हटले होते. मी रोज सकाळी दोन पाने वाचत होतो. जास्त वाचली असती तर लवकर संपले असते. तेविसाव्या पानावर टिटवीचे वर्णन सुरू झाले होते, त्या पानाचे शेवटचे वाक्य अर्धे आहे, पुढचे चोविसाव्यावर. नवव्या तारखेला ऋताने संगणक लावून दिला तर कुलपाचे चित्र आले. ऋता म्हणते डाउनलोड करून ठेवायला हवे होते. मला वाटले, ग्रंथालयात आहे म्हणजे राहील.

तेव्हापासून सकाळी काय करावे ते सुचत नाही. दोनदा रायबरेली रोडपर्यंत चालत जाऊन आलो. काम काही नव्हते.

पुरावा माझ्याजवळ नाही. ती शिक्षिका होती, पण लग्नानंतर नोकरी केली नाही, त्यामुळे नोकरीचे कागद नाहीत. तिच्या शाळेचे दाखले माहेरी राहिले. नाव लग्नात बदलले. तेव्हा ते कुठे नोंदवत नसत. रेशनकार्ड, पासबुक, मतदानाचे ओळखपत्र, सगळीकडे सरोज.

ते लेबल कोणी लावले? माझा एका माणसावर संशय आहे. तिचा धाकटा भाऊ मधुकर मिरजेतच असतो. १९९४ मध्ये माहेरचे घर विकले तेव्हा हिची सही घेतली नव्हती. हिला कळले ते दोन महिन्यांनी. जिवंत बहिणीची सही न घेणारा माणूस तिला कागदावर मारूही शकतो. लेबलाचा फोटो पाठवा. मी सर्वांचे अक्षर ओळखतो.

पुस्तक निदान माझ्यापुरते उघडता येईल का?

उल्हास देशिंगकर


मिरज
२९ एप्रिल २०२५

आदरणीय काका,

नुसतं प्रणिता चालेल. मला तेच आवडतं.

एकट्यासाठी उघडता येत नाही. हरकतीतलं पुस्तक निकाल लागेपर्यंत कोणालाही, अगदी हरकत घेणाऱ्यालाही द्यायचं नाही, असा समितीचा नियम आहे. गेल्या वर्षी एका पुस्तकावर तीन चुलतभाऊ वारस म्हणून आले आणि तिघांनी एकमेकांवर वकील लावले, तेव्हापासून. मी सचिवांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "बाई, एकाला खिडकी उघडली की दारात रांग लागते."

लेबल मात्र पुस्तक नव्हे, त्याचा फोटो द्यायला अडचण नाही. पण स्कॅन झालेला गठ्ठा बांधणीसाठी कोल्हापूरला गेलाय. तो जूनमध्ये येईल. आम्ही आतले पुठ्ठे स्कॅन करत नाही. नोंदीत फक्त कै. आणि साल उतरवलंय. देणाऱ्याचं नाव उतरवायला हवं होतं.

काका, न विचारता एक सांगते. संशय असला तरी लेबल येईपर्यंत थांबा.

प्रणिता


तेलीबाग, लखनौ
२ मे २०२५

श्री. मधुकर सावर्डेकर यांस,

तुमची बहीण वारल्याचे मी फोनवर कळवले होते. आता कळते की मिरजेच्या ग्रंथसंग्रहात ती १९६३ सालीच वारली आहे. तिच्या पुस्तकात तसे लेबल लावून ठेवले आहे. घराच्या वेळी सही घ्यायची राहून गेली होती असे तुम्ही म्हणाला होता. हेही राहून गेले होते का? की त्या वेळी उपयोगी पडले?

उत्तर पाठवले नाही तरी चालेल. मला काय समजायचे ते समजेन.

उल्हास देशिंगकर


ब्राह्मणपुरी, मिरज
१३ मे २०२५

दाजी,

तुम्ही मला बासष्ट वर्षांत एकूण तीन पत्रं लिहिली. पहिलं माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या आजारपणात, दुसरं घराच्या भांडणात, आणि हे तिसरं. तिन्ही मिळून एक पान होईल. त्यातलं हे सगळ्यात लांब. म्हणजे शिव्या द्यायला तुम्हाला शब्द सापडतात तर!

घराचं तुमचं बरोबर आहे. सही घ्यायला हवी होती. मी तेव्हा गाढवपणा केला आणि ताईची माफी मी तिच्या हयातीत मागितली, दर भाऊबीजेला फोनवर मागायचो. "पुरे रे मधू, ओवाळणी दे आणि गप्प बस" म्हणायची. तुम्हाला सांगितलं नसेल. तुम्हाला काय काय सांगायची, देव जाणे.

पण लेबल मी लावलेलं नाही. कोणी लावलं ते मला ठाऊक आहे, कारण मी शेजारी उभा होतो. नाव सांगणार नाही. एवढे मोठे तपासनीस तुम्ही, लेबल आलं की अक्षर बघा. आणि मग मला चौथं पत्र लिहा, तेही जमलं तर.

तुम्ही लोक तिला सरोज म्हणायचा. आमच्याकडं ती शेवटपर्यंत प्रभाताईच होती.

मधुकर


मिरज
२१ जून २०२५

आदरणीय काका,

गठ्ठा आला. फोटो सोबत आहे. वाचता आला नाही तर म्हणून मजकूर उतरवून देते :

कै. कु. चंद्रप्रभा बाबुराव सावर्डेकर
(निधन १९ मे १९६३)
हिच्या स्मरणार्थ सप्रेम भेट.
सौ. सरोज उल्हास देशिंगकर, लखनौ.

खाली ग्रंथसंग्रहाचा शिक्का आहे, नोव्हेंबर १९६३.

काका, यामुळे गोष्ट अवघड झालीय. काल समितीची बैठक होती. आमचे वकील म्हणाले की हे लेबल तुमच्या विरुद्ध जातं. देणारी सरोज देशिंगकर, जिच्या स्मरणार्थ दिलं ती चंद्रप्रभा सावर्डेकर. म्हणजे या दोन वेगळ्या बायका, एक जिवंत आणि एक मेलेली. कोणी स्वतःच्याच स्मरणार्थ स्वतःचं पुस्तक देत नाही. त्यांच्या मते चंद्रप्रभा ही काकूंची बहीण किंवा चुलत बहीण असावी आणि इतक्या वर्षांनंतर तुमचा काही गोंधळ होतोय.

मी म्हटलं, नवऱ्याचा असा गोंधळ होत नाही. ते म्हणाले, "वय किती आहे त्यांचं?"

काकूंना बहीण होती का?

प्रणिता


तेलीबाग, लखनौ
९ जुलै २०२५

प्रणिता,

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहून फाडले.

तिला बहीण नव्हती. अक्षर तिचे आहे. तिचा 'भ' वेगळा असे, किराणाच्या यादीत भात, भेंडी, भोपळा मी तो बासष्ट वर्षे वाचला. ऋतानेही लगेच ओळखले. "ये तो आज्जी का भ है," म्हणाली, आणि मग, "पर आज्जी ने ऐसा क्यूँ लिखा?" मी सांगितले, मालूम नहीं. ते खरे नव्हते.

१९ मे १९६३ ही आमच्या लग्नाची तारीख आहे.

आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचे नवे नाव लिहितो. चंद्रप्रभा हे नाव लांबलचक पडते असे माझी आई म्हणाली, सरोज सुटसुटीत आहे. मी लिहिले. तिला विचारले नाही. विचारायची पद्धत नव्हती असे आता लिहिणार होतो, पण मला या विषयावर आजपर्यंत कोणी जाब विचारलाच नव्हता, त्यामुळे हे कारणसुद्धा आज प्रथमच शोधतो आहे.

आठवड्याने आम्ही लखनौला आलो. त्या वर्षी दिवाळीला ती एकटी माहेरी गेली, मला रजा नव्हती. तेव्हा लेबल लावले असणार. परत आली तेव्हा चिवडा, करंज्या आणि माझ्यासाठी मफलर घेऊन आली. काही वेगळे दिसले नाही. मी बघितले नसेल.

आणखी एक लिहितो. वकिलांना सांगू नका, त्यांच्या कामाचे नाही. सरोज हे नाव मी ठेवले, पण त्या नावाने तिला मी कधी हाक मारली नाही. 'अगं' म्हणत असे. मुलगा झाल्यावर 'अभिजितची आई'. मानक नगरला सगळे 'मिसेस देशिंगकर' किंवा 'भाभीजी' म्हणत. सरोज फक्त कागदांवर होती. एक नाव काढून घेतले आणि दुसरे दिले ते वापरलेही नाही. हे मला गेल्या दोन आठवड्यांत सुचले आहे आणि तेव्हापासून मी घरात एका जागी बसू शकत नाही. सून म्हणते, बाबा, चौकात जाऊन या, जुने मित्र भेटतील. गेलो. चौकात एका दुकानासमोर उभा राहिलो, दुकानदार म्हणाला, "आइए बाबूजी, भाभीजी के लिए चिकन का सूट दिखाऊँ?" मी दाखवा म्हटले. त्याने चिकनच्या भरतकामाचे सात-आठ काढून दाखवले. मग मी निघून आलो.

मानक नगरच्या क्वार्टरमध्ये ती रोज सकाळी गच्चीवर जाऊन पाऊण तास थांबत असे. मला वाटे, कपडे वाळत घालते. आता पुस्तकाची तेवीस पाने वाचल्यावर कळते की कपड्यांना पाऊण तास लागत नाही.

हे तिने रागाने लिहिले की थट्टेने, ते मला ठरवता येत नाही. तुम्ही बाई आहात, तुम्हाला लेबल बघून काय वाटते?

मधुकरलाही आज पत्र टाकतो आहे.

उल्हास देशिंगकर


तेलीबाग, लखनौ
९ जुलै २०२५

प्रिय मधुकर,

अक्षर ओळखले. तुमच्यावर घेतलेला आळ परत घेतो आणि माफी मागतो.

लेबल लावताना ती हसत होती का, ते तुम्ही पाहिले असेल. कळवावे.

उल्हास


ब्राह्मणपुरी, मिरज
१८ जुलै २०२५

दाजी,

माफी पोचली. विषय संपला.

हसत होती. दौत-टाक मीच आणून दिलं. "मधू, बघ, माझ्याच श्राद्धाला आलेय मी," म्हणाली आणि इतकी हसली की ग्रंथपाल चष्म्यावरून बघायला लागले. मीही हसलो, एकवीस वर्षांचा होतो, मला गंमत वाटली. लेबल वाळेपर्यंत पुस्तक उघडं धरून उभी होती. मग मागच्या हौदावर जाऊन तोंड धुऊन आली. बराच वेळ लागला. बाहेर येऊन म्हणाली, "घरात सांगू नकोस." आणि रस्त्यात मला दोन पेढे घेऊन दिले. लाच.

उरलेल्या प्रती तिनंच वाटून टाकल्या त्या दिवाळीत. तुमच्याकडं एकही नेली नाही. का, ते मी विचारलं नाही.

तुमच्याबद्दल वाईट कधी बोलली नाही. "स्वभाव मुका आहे, माणूस चांगला," एवढंच. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

परवा ग्रंथसंग्रहात जाऊन आलो. ती इनामदारांची मुलगी हुशार आहे. मी तिला सांगितलं, लेखिका माझी बहीण, लखनौला दिलेली, एकच होती, कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. कागद सांगाल तिथं सही करतो. या वेळी सही राहणार नाही.

मधुकर


मिरज
२४ जुलै २०२५

आदरणीय काका,

तुमचं ९ तारखेचं पत्र मी दोनदा वाचलं. लेबल बघून मला काय वाटतं, ते विचारलंत. मला वाटतं, ते गमतीनं लिहिलेलं आहे आणि खरंही आहे. यापुढं मला सांगता येणार नाही.

पण माझंही एक कबूल करायचं राहिलंय. ती १९६३ ची नोंद मीच केलेली आहे. तुम्ही पहिल्याच पत्रात विचारलं होतंत आणि मी 'आम्ही' लिहिलं. 'कै.' दिसलं, तारीख दिसली, मी साल टाइप केलं आणि पुढचं पुस्तक घेतलं. खाली 'सौ. सरोज' होतं, ते वाचलंसुद्धा नाही. त्या दिवशी माझी पन्नास पुस्तकं पूर्ण झाली होती.

आता समितीचं. मधुकर काकांच्या भेटीनंतर वकील जरा नरमले. सचिवांनी दोन रस्ते सांगितलेत.

एक : तुम्ही हरकत मागे घ्यायची. दोन ओळींचं पत्र पुरे. तारीख १९६३ राहील, कारण लेबल तसं म्हणतं, आणि पुस्तक दुसऱ्या दिवशी सर्वांना खुलं होईल. तुम्हाला चोविसावं पान लगेच वाचता येईल.

दोन : तुम्ही लखनौला आणि मधुकर काकांनी इथं प्रतिज्ञापत्र करायचं की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. सोबत तुमचं आणि अभिजितदादांचं वारस म्हणून संमतीपत्र, त्याचा फॉर्म जोडलाय. मग तारीख २०२५ होईल आणि तुमच्या परवानगीनं पुस्तक खुलं होईल. पण समिती आता ऑक्टोबरमध्ये बसेल. तोपर्यंत कुलूप.

सचिव म्हणाले, "सत्त्याऐंशीचे आहेत ना, पहिलाच रस्ता घेतील." मी म्हटलं, त्यांनाच विचारते. तुम्हीच सांगा. आणि काकूंनी स्वतःच ते साल लिहिलंय, म्हणजे ते बदलणं हे त्यांच्या इच्छेविरुद्ध होईल का, असंही मला मधूनमधून वाटतं.

प्रणिता


तेलीबाग, लखनौ
६ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रणिता,

दुसरा रस्ता. कागद सोबत आहेत.

पहिल्या रस्त्याचे पत्र मी लिहिले होते. दोन ओळी होत्या. एक दिवस टेबलावर ठेवले, मग पाकिटात घातले, मग पोस्टापर्यंत नेले. चोविसाव्या पानासाठी मी काहीही केले असते असे मला वाटत होते. पोस्टातून परत आलो.

तुमची शंका बरोबर आहे, ते साल तिने लिहिले. पण ती गेली ती मी पाहिली. हॉस्पिटलमध्ये सकाळी सव्वासहाला, ११ फेब्रुवारीला. खिडकीवर तोंड करून झोपवायला सांगितले होते तिने. त्या दिवशी गेलेल्या बाईने पक्ष्यांचे पुस्तक लिहिले होते. १९६३ राहू दिले तर माझ्या घरात बासष्ट वर्षे जी होती ती ते पुस्तक लिहिणारी नव्हतीच असा अर्थ होईल. मी तसेच समजून वागलो. आता सहीनिशी तेच लिहून देणे मला जमणार नाही.

लेबल काढू नका. ते तिचे म्हणणे आहे. नोंदीत तारीख तेवढी बदला.

संमतीपत्रावर अभिजितची आणि माझी सही आहे. कोणीही वाचावे, छापावे, शाळेत वापरावे, आमची अट नाही. एक विनंती आहे. तुमच्या फॉर्ममध्ये लेखिकेच्या नावापुढे कंसात सौ. सरोज देशिंगकर असे आधीच छापून आले होते. ते मी खोडले आहे. मुखपृष्ठावर जसे आहे तसेच नाव ठेवा. आडनावही तेच.

प्रतिज्ञापत्रासाठी काल कैसरबागच्या कचेरीत गेलो होतो. ऋता बरोबर होती. झाडाखाली टायपिस्ट बसतात, त्यातल्या एकाने कागद तयार केला. वाचला तर 'सरोज उर्फ चन्द्रप्रभा' असे लिहिले होते. मी दुसऱ्या नावावर बोट ठेवून म्हटले, उलटे झाले आहे, आधी हे, मग उर्फ.

तो म्हणाला, "बाबूजी, सब काग़ज़ों पर सरोज है तो सरोज पहले आएगा। उर्फ बाद में लगता है।"

"नहीं, पहले ये."

"अरे, क्या फ़र्क पड़ता है? औरत तो एक ही है न!"

मी म्हटले, "हाँ, एक ही है. वही तो लिखवाना है. दूसरा काग़ज़ निकालिए."

त्याने ऋताकडे पाहिले. ती म्हणाली, "निकाल दीजिए भैया, ये नहीं मानेंगे।" त्याने कुरकुरत दुसरा काढला.

मग नोटरीबाईंकडे गेलो. तरुण आहेत, घाईत होत्या. म्हणाल्या, शपथ घेऊन मजकूर स्वतःच्या तोंडाने वाचा. मी वाचू लागलो. माझे नाव, वडिलांचे नाव, पत्ता, इथपर्यंत नीट झाले. पुढे 'मेरी पत्नी स्वर्गीया' असे होते आणि त्यानंतर नाव. मी थांबलो. बायकोचे नाव तोंडाने घ्यायची मला सवय नाही, आणि हे नाव तर मी कधीच घेतले नव्हते. हळू आवाजात घेतले.

त्या शिक्का हातात धरून होत्या. म्हणाल्या, "ज़ोर से बोलिए बाबूजी, मुझे सुनाई देना चाहिए।"

मी मोठ्याने म्हटले.

उल्हास देशिंगकर